डोंगर उतरणारं पाणी

मुन्नारजवळच्या इरविकुलमच्या डोंगरावर पाऊस नसतानाही झाडं ठिबकत असतात. राजमलेच्या रस्त्यावर एका वळणाशी शोलाचा पट्टा अगदी कडेपर्यंत उतरला आहे. शोला म्हणजे इथलं बुटकं सदाहरित जंगल. दोन टेकड्यांच्या बेचक्यात, जिथे वाऱ्याचा जोर पोचत नाही आणि माती खोल साचते, तिथे ते दाटीने उभं राहतं. बेचक्याबाहेर पाऊल टाकलं की झाडं संपली. मग पार धारेपर्यंत नुसतं गवत. त्या कडेच्या एका झाडाजवळ मी उभी होते. खोड वाकडं, फांद्या मनगटाएवढ्या, आणि साल कुठेही उघडी नाही. शेवाळ, शेवाळावर दगडफूल, मध्येच नेच्याची मुडपलेली कोवळी पानं, एका खोबणीत आमरीचा झुपका. शेवाळावर बोट टेकवलं तर पाणी मनगटापर्यंत ओघळलं. सकाळपासून थेंबही पडला नव्हता. नुसतं धुकं झाडातून गेलं होतं आणि जाताना आपलं पाणी झाडापाशी ठेवून गेलं होतं.

हे पाणी पुढे कुठे जातं, या एका कुतूहलापायी मी केरळात पुन्हा पुन्हा गेले. केरळ बघायची आपली नेहमीची रीत वेगळी आहे. कोचीला उतरायचं, मुन्नारला दोन रात्री, थेक्कडीला एक, अलेप्पीला हाउसबोटीत एक, आणि परत. या रीतीत डोंगर हे एक ठिकाण होतं, बॅकवॉटर दुसरं, आणि मधला रस्ता ही गाडीत डुलकी काढायची वेळ. मला आता ही दोन ठिकाणं वेगळी दिसतच नाहीत. वरचा गवताळ माथा आणि खालचं भाताचं खाचर एकाच पाण्याने बांधलेले आहेत. म्हणून ते पाण्याच्याच वाटेने, वरून खाली उतरत बघावेत.

पाऊस इथे दोनदा येतो. जूनमध्ये समुद्राकडून चढणारा इडवप्पाती, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारच्या गडगडाटासह येणारा तुलावर्षम. दोन्ही पाऊस या माथ्यावर पडतात, आणि गवताची मुळं न् शोलाची काळी माती ते पाणी लगेच सोडत नाहीत. माठाच्या अंगातून पाणी पाझरावं तसं ते महिनोन्‌महिने डोंगराच्या अंगातून पाझरत राहतं. मार्चच्या उन्हातही इथले ओढे खळखळताना दिसतात, ते या पाझरामुळे. मुन्नारच्या बाजारापाशी मुदिरपुळा, नल्लतण्णी आणि कुंडला या तीन नद्या एकत्र येतात. पुढे ते पाणी पेरियारला मिळतं आणि पेरियार कोचीच्या बाजूला बॅकवॉटरमध्ये उतरते. दक्षिणेकडच्या कुट्टनाडात पंपा, अच्चनकोविल, मणिमला आणि मीनच्चिल या नद्या येतात. त्याही याच डोंगररांगेतून निघालेल्या.

ही डोंगररांग आपल्याला परकी नाही. तापीच्या दक्षिणेला सुरू होणारा आपला सह्याद्रीच पालघाटची खिंड ओलांडून इथवर येतो आणि इथे सगळ्यात उंच होतो. कळसूबाई १,६४६ मीटर. जवळजवळ तेवढ्याच उंचीवर मुन्नारचा बाजार भरतो, आणि त्याच्याही वर आनामुडी २,६९५ मीटरपर्यंत चढते. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथे ओळखीच्या खुणा सापडत राहतात. आपल्याकडे सात-आठ वर्षांनी डोंगर जांभळे करणारी कारवी आणि इथे बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी एकाच कुळातल्या. कुरिंजी फुललेली नसते तेव्हा तिच्याकडे कुणी बघत नाही. गुडघ्याएवढं, खरबरीत पानांचं झुडूप, गवतात मिसळून गेलेलं. मला ती तशीच बघायला आवडते. फुलायच्या आधीची अकरा वर्षं हे झुडूप उताराची माती धरून बसलेलं असतं. त्या गवतात नीलगिरी ताहर चरतात, वरयाडू म्हणतात त्यांना इथे. हा प्राणी जगात फक्त केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांवर उरला आहे. इरविकुलमला १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तो मुख्यतः त्याच्यासाठी. एक मादी पिलासह रस्त्यापासून दहा-बारा हातांवर चरत होती. कडा सरळ खाली तुटलेला, आणि तिचे खूर त्या तुटक्या कडेवर घरच्या ओट्यावर असावेत तसे निवांत.

मुन्नारला जाणारे बहुतेक लोक हे गवत बघायला जात नाहीत, चहा बघायला जातात. चहाचे मळे देखणे आहेत यात शंका नाही. पावसानंतर ऊन तिरपं पडलं की प्रत्येक झुडपाच्या कडेला उजेडाची रेघ उमटते, आणि नजर टेकडीमागून टेकडी ओलांडत जाते. पण हा उतार मूळचा असा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इंग्रज मळेवाले इथे पोचले, जंगल तोडलं गेलं आणि चहा लागला. १९०८ मध्ये या डोंगरावर रूळ टाकून छोटी रेल्वेही धावू लागली. चहाच्या पेट्या ती टॉप स्टेशनला नेई, तिथून त्या रोपवेने तमिळ मुलखात उतरत आणि पुढे बोटीने विलायतेला जात. मग १९२४ चा जुलै आला. मल्याळी पंचांगाचं ते १०९९ वं वर्ष, म्हणून लोक अजूनही त्याला नव्व्याण्णवचा पूर म्हणतात. त्या पावसाने रेल्वे अशी वाहून नेली की ती पुन्हा कुणी उभारली नाही. टॉप स्टेशन हे नाव तेवढं राहिलं. आज तिथे उभं राहून लोक दरीचे फोटो काढतात.

या मळ्यांत पान खुडणाऱ्या बायकांचे पूर्वज तमिळ गावांतून मजुरीसाठी आणले गेले. पाठीवर पोतं, कमरेला जाड कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळलेलं, कारण ओल्या झुडपांतून चालताना पोटऱ्या आणि मांड्या सोलवटतात. एक बाई रस्त्याच्या अगदी लगतच्या ओळीत काम करत होती. तिच्या हातात कात्री होती, कात्रीला खालून पेटी जोडलेली. कापलेली पानं पेटीत पडत आणि पेटी भरली की खांद्यावरून मागच्या पोत्यात झटकली जाई. हे सगळं ती खाली न बघता करत होती. तिच्या उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात घट्टा होता, चहाच्या चिकाने काळा पडलेला. सप्टेंबर २०१५ मध्ये याच मळ्यांतल्या हजारो बायका मुन्नारच्या रस्त्यावर बसल्या. बोनस निम्म्यावर आणला म्हणून आणि दिवसाची मजुरी पाचशे रुपये हवी म्हणून. युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ फिरकू दिलं नाही. ‘पोंबिळै ओरुमै’ म्हणजे बायकांची एकी, हे त्यांनी आपल्या लढ्याला दिलेलं नाव. हिरव्या टेकड्यांचे फोटो आपण घरी नेतो, तेव्हा या एकीची गोष्टही बरोबर न्यायला हवी. तो उतार त्यांच्याच हातांनी राखलेला आहे.

आणि त्या उताराने त्यांना काय दिलं, तेही सांगायला हवं. ऑगस्ट २०२० मध्ये राजमलेजवळच्या पेट्टिमुडीत रात्री दरड कोसळली आणि मजुरांच्या चाळी, ज्यांना तिथे लयम म्हणतात, माणसांसकट गाडल्या गेल्या. सत्तर माणसं गेली. जुलै २०२४ मध्ये वायनाडात मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्यांवर याहून कितीतरी मोठा डोंगर उतरला. आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्येच पश्चिम घाटाचा अहवाल दिला होता. कुठे खाणी नकोत, कुठे तीव्र उतारावर बांधकाम नको, हे गावकऱ्यांना बरोबर घेऊन ठरवा, असं त्यात होतं. त्या अहवालाला केरळात कडाडून विरोध झाला आणि महाराष्ट्रातही तो बासनात राहिला. माळीण आपल्याकडे २०१४ ला गाडलं गेलं, तळिये २०२१ ला, इरशाळवाडी २०२३ ला. हे आठवल्याशिवाय मला मुन्नारचा घाट उतरता येत नाही.

घाट मी सरकारी बसने उतरते. अडिमाली, मग रस्त्यालगत कोसळणारा वालराचा धबधबा, मग चीयप्पारा, आणि शेवटी नेरियमंगलमचा कमानींचा पूल. नव्व्याण्णवच्या पुराने जुनी वाट बुजवली, तेव्हा नवा रस्ता झाला आणि १९३५ मध्ये पेरियारवर हा पूल आला. पूल ओलांडला की हवा बदलते, कानात बसलेले दडे सुटतात, फणस आणि रबराची झाडं सुरू होतात आणि पुढच्या काही तासांत जमीन सपाट होत जाते. इतकी सपाट की पाण्याला पुढे कुठे जावं ते कळत नाही. मग ते पसरतं. त्या पसरलेल्या पाण्याला इथले लोक कायल म्हणतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं वेंबनाड, दक्षिणोत्तर सुमारे ९६ किलोमीटर लांब.

अलेप्पीच्या बसस्थानकासमोरच बोटीचा धक्का आहे. तिथून कोट्टायमला राज्य जलवाहतूक खात्याची बोट जाते, अडीच-एक तासांची. बॅकवॉटर बघायला आलेल्या माणसाने आधी या बोटीत बसावं. पुढे काचेमागे सुकाणू धरून सारंग उभा असतो. इंजिन खाली, तिथला माणूस त्याला दिसत नाही. दोरी ओढून घंटा वाजवायची, आणि घंटेच्या ठोक्यांवरून खालच्याला समजतं, हळू, थांब, मागे घे. धक्का आला की खलाशी दोर घेऊन उडी मारतो, शाळेची मुलं चढतात, मासळीची टोपली चढते, गॅसचा सिलिंडर उतरतो. बाकांवर पाठीला वारा लागतो. दोन्ही बाजूंना काठावर माडांची एक ओळ, तिच्यामागे घरं, प्रत्येक घराच्या दाराशी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर एक बाई कढई घासत होती. आमच्या बोटीची लाट येताना बघून तिने घासलेली भांडी सहज वरच्या पायरीवर सरकवली, लाट येऊन गेली, भांडी पुन्हा खाली आली. तिचा हात एकदाही थबकला नाही.

कुट्टनाडातली सगळ्यात विलक्षण गोष्ट बोटीत उभं राहिल्यावरच दिसते. माडांच्या ओळीपलीकडे भाताचं शेत आहे आणि ते आपल्या खाली आहे. आपण पाण्यावर, आणि शेत त्या पाण्यापेक्षा पुरुषभर खोल. समुद्रसपाटीच्याही खाली हा भात पिकतो. मध्ये फक्त बांध. माझ्या शेजारी एक वयस्कर शेतकरी बसले होते. तरुणपणी चेंबूरला नोकरी केलेली, त्यामुळे हिंदी मुंबईची. मी शेताकडे बोट दाखवलं तर म्हणाले, “मोळे (मुली), पंप बंद पडला तर चार दिवसांत त्याचं तळं होतं. बांधाला खेकड्याने भोक पाडलं तरी आम्ही रात्रीचे उठतो.” मी विचारलं, “चेट्टा (दादा), मग मुंबई सोडून परत का आलात?” ते बांधाकडे बघत म्हणाले, “हे कोण बघणार?”

हे बांध कसे झाले ते ऐकलं की पाण्याकडे बघायची नजर बदलते. कायलच्या तळात माडाचे खांब ठोकायचे, बांबूच्या तट्ट्या लावायच्या, आणि मजुरांनी बुड्या मारून तळाचा चिखल वर आणायचा. तो चिखल, वाळू, फांद्या असे थर चढवत पाण्यातून जमीन उभी करायची. मग आतलं पाणी उपसायचं, आधी माणसांनी पायांनी रात्रंदिवस चालवलेल्या चक्रांनी, पुढे इंजिनांनी. १९४० च्या दशकात, युद्धामुळे धान्याची टंचाई असताना, मुरिक्कन या जमीनदाराने चित्तिरा, मार्ताण्डम आणि राणी ही तीन मोठी शेतं अशी कायलमधून काढली. लोक त्याला कायलचा राजा म्हणत. चिखल आणणारे हात मात्र बहुतेक पुलयर आणि इतर दलित मजुरांचे होते. बांध पुन्हा पुन्हा फुटू लागला की एखाद्या मजुराला त्यात जिवंत गाडत, अशा कथा कुट्टनाडात अजून सांगितल्या जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा मान दिला. त्या मानाचे पहिले धनी ते बुड्या मारणारे मजूर आहेत असं मी मानते.

कोकण-गोव्याच्या माणसाला हे सगळं लगेच उमजेल. गोव्याची खाजणं अशीच बांध घालून खाडीपासून राखलेली, भरती-ओहोटीचं पाणी मानशीच्या दारांनी आत-बाहेर करणारी. खारं आणि गोडं पाणी यांच्यातला तो रोजचा हिशेब तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालला. वेंबनाडात तो मोडला. उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून तण्णीर्मुक्कमला कायलवर आडवा बंधारा घातला. तो १९७० च्या दशकात पुरा झाला. साधारण डिसेंबर ते एप्रिल त्याची दारं बंद असतात. भात वाचला, हे खरं. पण गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, जिला कोंजू म्हणतात, अंडी घालायला खाऱ्याकडे जाते, तिची वाट अडली. काळ्या शिंपल्या बुडी मारून काढणाऱ्यांचं उत्पन्न घटलं. आणि जलपर्णी, जी एरवी खारं पाणी आत आलं की मरते, ती आता वर्षभर तग धरते. कालव्यात शिरलं की निळसर फुलांचा गालिचा दिसतो, प्रवासी फोटो काढतात, आणि नावाड्याला तो गालिचा वल्ह्याने फाडून पुढे जावं लागतं.

हाउसबोटींबद्दल मला राग नाही. जुनी केट्टुवल्लम ही अप्रतिम वस्तू आहे. आंजिली लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, एकही खिळा नाही, वरून काजूच्या टरफलाचं तेल. तीस टनांपर्यंत भात घेऊन ती कोचीला जाई. रस्ते झाले, ट्रक आले, बोटी काठाला लागल्या. मग १९९० च्या सुमारास कुणीतरी तिच्यावर बांबूचं छप्पर आणि पलंग चढवला, आणि शिवणारे कारागीर पुन्हा कामाला लागले. आता अलेप्पीजवळच्या पुन्नमडाच्या पाण्यात शेकडो हाउसबोटी आहेत. त्यांचं डिझेल आणि सांडपाणी याच कायलमध्ये जातं, ज्यात ती बाई कढई घासते. २००२ पासून हे पाणी रामसरच्या यादीत आहे, म्हणजे जगाने जपायची पाणथळ जागा म्हणून नोंदलेलं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये डोंगर आणि कायल एका वेळी बोलले. वर इरविकुलमला बारा वर्षांनी नीलकुरिंजी फुलायची वेळ, आणि त्याच दिवसांत पावसाने रस्ते खचवले, मुन्नार तुटलं. डोंगरांवरचं पाणी नद्यांतून खाली आलं आणि कुट्टनाड छपरापर्यंत बुडालं. समुद्रावरचे कोळी आपल्या होड्या ट्रकवर घालून आले आणि माणसं काढू लागले; हाउसबोटीही त्या कामी लागल्या. राज्यात चारशेहून जास्त माणसं गेली. पूर ओसरल्यावर मी तिथे गेले, तेव्हा माणसं पहिल्यांदा काय करत होती? बांध दुरुस्त करत होती. घराच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती, आणि अंगणात उमा जातीच्या भाताचं बियाणं वाळत घातलेलं होतं. तुलावर्षम संपला की पुंचेची, म्हणजे मुख्य भातपिकाची, पेरणी करायची होती.

म्हणून मला सांगायचं आहे ते एवढंच. केरळला जाल तेव्हा मुन्नारपासून सुरुवात करा आणि एक सकाळ चहाऐवजी शोलाजवळ घालवा. मळ्यात फोटो काढण्याआधी पान खुडणाऱ्या बाईला विचारा. घाट उतरताना जागे राहा. अलेप्पीला पोचल्यावर सरकारी बोटीने कोट्टायमला जा, आणि पिकाच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत जात असाल तर एखाद्या जेट्टीवर उतरून बांधावरून चाला. कालव्यात हिंडायला वल्ह्याची लहान होडी घ्या. तिच्यातून खंड्या आणि पाणकावळे अगदी जवळून बघता येतात, आणि होडीवाल्याच्या घरी चार पैसे पोचतात. हाउसबोटीत राहायचंच असेल तर भाडं ठरवण्याआधी मालकाला एक प्रश्न विचारा, बोटीचं सांडपाणी कुठे रिकामं करता? उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरी बोट बघा.